राजीखुशीचा कागद

सोमवारी वही परत मिळाली तेव्हा तिच्यात तांबड्या शाईने एकच शब्द लिहिलेला होता. गोपीनाथने चार पानं इंग्रजीत लिहिली होती, आणि तिसऱ्या पानावर, कादंबरीतल्या पाद्र्याच्या अंतःकरणात नाना प्रकारचे विकार उसळले अशा अर्थाचं जे वाक्य त्याने दोन तास खपून जुळवलं होतं, त्याच्याखाली मास्तरांनी रेघ ओढून समासात मराठीत विचारलं होतं, 'कोणते?' वर्गातली मुलं पायऱ्या उतरून गेली. गोपीनाथ ओसरीच्या खांबाशी वही धरून उभा राहिला. आधी त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. मग त्याला वाटलं, होडीतून उतरताना पाय तळाला लागावा म्हणून सोडावा आणि तळ लागू नये, तसं. एका शब्दाने एवढं व्हायचं कारण नव्हतं. शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, पंक्तीला बाजूला बसवलं गेलं होतं, हजेरीत 'गोपीनाथ काळुराम भोईर' असं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी नाक दाबून 'मासळी' म्हणायचं, ते सगळं त्याने पचवलं होतं. हा शब्द मात्र पचेना, कारण उत्तर त्याला माहीत होतं. कोणतेही नाहीत. त्याला ते पान कळलंच नव्हतं.

अठराशे अठ्ठ्याऐंशी साल होतं. गोपीनाथला वीस पुरी झाली होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला आठ महिने होते. दिवे गावच्या आगरी वस्तीतून ठाण्याच्या इंग्रजी शाळेपर्यंत आलेला तो पहिलाच. त्याचे मास्तर आनंदराव गुप्ते मुंबईहून बी. ए. होऊन आलेले, तिशीच्या आतले, बोलताना चष्मा काढून डोळे चोळायची सवय असलेले. त्यांनी महिन्यापूर्वी त्याला आपल्या घरी बोलावून हिरव्या कापडी बांधणीचे तीन भाग हातात ठेवले. विलायतेतली कादंबरी. "गोष्ट काय झाली ते मला नको," ते म्हणाले होते. "गोष्ट मला ठाऊक आहे. दर आठवड्याला वाचशील तेवढं वाच, आणि वाचताना तुझ्या मनात काय झालं ते लिहून आण. परीक्षेत हे विचारणार नाहीत. पण हे जमलं तर बाकीचं जमेल." गोपीनाथने पुस्तकं धोतराच्या सोग्यात गुंडाळून बंदरावर नेली. तिथे बापाच्या ओळखीच्या एका दाणेवाल्याच्या माळ्यावर तो राहत असे. खाली तुरीची पोती, वर तो, त्याची वळकटी आणि शब्दकोश.

कादंबरीत घडत काहीच नव्हतं. विलायतेच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव, तिथला पाद्री, आणि देवळाची घंटा. धुकं पडलं की होड्यांना वाट कळावी म्हणून ती घंटा वाजवायची, हे त्याचं काम. एका दुपारी धुकं उतरलं, पाद्री दोरीपाशी गेला, दोरी हातात धरली, आणि त्याने ती ओढली नाही. सात कोळी बुडाले. हे पहिल्या चाळीस पानांतच होऊन जात होतं. पुढची सातशे पानं तो माणूस चहा पिई, चिठ्ठ्या लिही, आजाऱ्यांच्या घरी जाई, आणि त्या दुपारभोवती फिरत राही. एकेक वाक्य अर्धं पान चाले. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, गोपीनाथ बोटाने धरून ठेवायचा आणि तोवर मधल्या शब्दांचा अर्थ सांडून जायचा. शब्दकोशात पाहावं तर एका शब्दाला पाच अर्थ. पहिल्या आठवड्यात त्याने लिहिलं की पाद्री भित्रा होता. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं की तो धर्मभ्रष्ट होता. तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या निबंधमालेतली वाक्यं फिरवून घातली. मास्तर दर वेळी खाली एक बारीकशी खूण करून वही परत देत, आणि त्या खुणेने त्याची छाती फुगे. वाचता येतंय असं वाटे. म्हणजे, वाचता येतंय असं दुसऱ्याला वाटतंय हे वाटे, आणि या दोहोंतला फरक त्याला फार पूर्वीपासून, अंगात रुतलेल्या काट्यासारखा ठाऊक होता. काटा कुठे आहे ते बघायचं त्याने इतकी वर्षं टाळलं होतं.

त्या आठवड्यात त्याने पुस्तक उघडलं की पानावरची अक्षरं इंग्रजी राहीनात. त्यांना मोडीची वळणं फुटत. एक लांब कागद डोळ्यांपुढे येई, वाऱ्याने कोपरा फडफडणारा, आणि त्याला भिडलेली दिव्याच्या बांधावरची माणसं. तो नऊ वर्षांचा होता. कल्याणच्या एका पंतोजींकडे दोन वर्षं जाऊन आला होता, आणि साऱ्या वस्तीत अक्षर ओळखणारा तो एकटा. मिठावरचा कर वाढला होता. आपल्याच खाडीकाठच्या खाजणातली पांढरी माती खरवडून घरी मीठ काढणं हा गुन्हा झाला होता. सखुबाईने, त्याच्या मावशीने, मासळी खारवायला दोन टोपल्या माती खरवडली आणि मीठखात्याच्या शिपायाने तिला धरलं. शिपाई म्हणजे कुणी परका नव्हता. त्याच गावचा गणू, सखुबाईच्या वारलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी कारकून कागद घेऊन आला. तो छत्री उघडून लांब बांधावर उभा राहिला आणि गणूला पुढे पाठवलं, बाईची निशाणी घे म्हणून. सखुबाई म्हणाली, "माझे गोप्याला वाचू दे. त्यान सांगितला तरच." बाप, काळुराम, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्या हाताचं वजन गोपीनाथला आजही सांगता आलं असतं.

त्याने कागद वाचला. मोठ्याने, अडखळत, पण सगळा वाचला. 'लिहून देणार सखुबाई भ्रतार पोशा म्हात्रे, वस्ती मौजे दिवे, लिहून देते ऐसे जे, मी आपले राजीखुशीने व अक्कलहुशारीने कबूल करते की सदरहू मीठ मी विक्रीकरिता जमा केले असून मागील साली दोन वेळां असेच केले होते. याउपर सरकार करील ते शासन मला मान्य.' आवाज त्याच्या तोंडातून येत होता आणि अर्थ कुठूनच येत नव्हता. सदरहू म्हणजे काय, विक्रीकरिता हा एक शब्द की दोन, शासन म्हणजे काय, काही कळलं नाही. राजी कळलं. खुशी कळलं. सरकार कळलं, मान्य कळलं. वाचून झाल्यावर सगळी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणी हललं नाही. मासळी झाकलेल्या फडक्यावर माश्या घोंघावत होत्या. "काय लिवलाय रं?" सखुबाईने विचारलं. कळलं नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला. आणि गोपीनाथ म्हणाला, "लिवलाय, सरकार तुज्यावं राजी हाय. आथा सोरतील तुला." सखुबाई हसली. बोरू तिच्या मुठीत मावत नव्हता. तिने कागदाच्या तळाशी बांगडीची निशाणी काढली, वाकडी, एका बाजूला न मिटलेली.

तिला सहा महिने सक्तमजुरी झाली. ठाण्याच्या तुरुंगात ती दळत होती तेव्हा तिची पाच वर्षांची लेक शकू काळुरामच्या घरी होती, आणि त्या वर्षीच्या पटकीत शकू एका दिवसात गेली. गोपीनाथ तिच्याबरोबर एका ताटात जेवत असे. सखुबाई सुटून आली तेव्हा तिला लेक दाखवायला कुणाकडे काही नव्हतं. गावाने विचार केला आणि गावाला उत्तर सापडलं. पोराने वाचला तो कागद वेगळा, आणि साहेबापुढे गेला तो वेगळा. कागद बदलणारा गणू. त्याच्या हातातूनच तो गेला होता. गणूचा विस्तव तोडला, विहिरीवर त्याच्या बायकोला, मालनला, कुणी घागर लावू दिली नाही. गणूने शिपाईगिरी सोडली आणि बायकोला घेऊन खडवलीला लाकूडतोडीला गेला. चार वर्षांनी तो तिकडेच मेल्याची बातमी आली, त्या दिवशी सखुबाईने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि घरोघर वाटल्या. एक गोपीनाथनेही खाल्ली. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि सदरहू, विक्रीकरिता, शासन, सगळ्यांचे अर्थ त्याला आले होते. तो पुढे शिकत गेला तसतसा तो कागद आपोआप स्पष्ट होत गेला. एकेक शब्द उजळायचा आणि त्याला हुडहुडी भरायची. पाठ असलेली गोष्ट विसरता येत नाही.

गुरुवारी तो मास्तरांच्या घरी गेला. मास्तर ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला.

"सर, ते 'कोणते' विचारलंत," गोपीनाथ म्हणाला, "मला कळलं नव्हतं ते पान."

"मग तसं का लिहिलं नाहीस?"

गोपीनाथने काखेतली वही दुसऱ्या हातात घेतली.

"हे बघ, मी ही कादंबरी दोनदा वाचली आहे," मास्तर डोळे चोळत म्हणाले. "तो थांबला का, ते मलाही कळलेलं नाही. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असेल असं वाटत नाही. म्हणून तर तुझ्याकडे दिली. पण तुझ्या पानांत कुठे अडलास असं एकदाही नाही. विसाव्या वर्षी माणसाला सगळंच कळतं म्हणजे काय?" ते हसले. गोपीनाथला हसता आलं नाही. मास्तरांनी निरखून पाहिलं. "बरं नाही का तुला?"

"बरा आहे, सर."

परत येताना तलावाच्या कडेने चालत तो नेहमीपेक्षा दुप्पट वेळ चालला. घंटा न वाजवणाऱ्याला निदान घंटा काय आहे ते ठाऊक होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग तोही एक बनवलेला विचार वाटला, वहीत शोभून दिसेल असा. त्याला आपल्याच डोक्याची शिसारी आली. काहीही आलं तरी ते त्याचं वाक्य करून ठेवत होतं.

रविवारी भरती सकाळची होती. होडी कळव्यावरून, मुंब्र्याच्या डोंगराच्या सावलीतून दिव्याला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. मिठागरांतून पाणी खेळवलेलं होतं आणि वाफ्यांवर नुकती कुठे मिठाची साय धरायला लागली होती. बाप घरी नव्हता, आगरावर गेला होता. गोपीनाथ थेट सखुबाईकडे गेला. ती दारात जाळं विणायला बसली होती. दळून दळून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकली होती, त्या वाकलेल्या बोटांतच ती सुई धरायची.

"आलास रं पोरा? किती वाललास. ठान्याला खायाला नाय घालत का?" तिने पुढ्यात पेज ठेवली, वर सुकट भाजून दिली. "काय वाचतंस आथा?"

दर रविवारी ती हे विचारायची आणि दर रविवारी तो काहीतरी सांगायचा. आज त्याने पाद्र्याची गोष्ट सांगितली. तिने हातातलं काम थांबवून ऐकली, गोष्टीत होड्या आल्या तशी पुढे सरकून.

"मंग का नाय वाजवली त्यान?"

"ते लिवलाच नाय बुकात."

"येवरा मोठा बुक लिवला नि त्येच सांगितला नाय?" ती मोकळी हसली. "तू इचार तुजे मास्तरला. तुला तं सगला वाचता येतं. लहान व्हतास तवाच वाचलास, सगले गावापुरं. त्या मेल्यान कागद बदलला नसता तं…" हसणं तिथेच विझलं. गणूचं नाव ती घेत नसे.

पेजेचा घोट त्याच्या तोंडातच राहिला. गिळायला हवा होता. गिळला.

"मावशी, कागद कुनी बदलला नाय."

"काय बोलतंस?"

"त्योच कागद व्हता. मी वाचलेला त्योच. मना कललाच नाय काय लिवलाय त्ये. सगली बघत व्हती, बाबाचा हात व्हता खांद्यावं. मी मनानंच सांगितला तुला." एवढं बोलून त्याला वाटलं, आता ती मारेल. मारावं असं वाटलं. तो मान खाली घालून वाट बघत राहिला, आणि त्या वाट बघण्यातही कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं.

सखुबाईने मारलं नाही. तिने सुई जाळ्यात खोवली. बराच वेळ ती अंगणातल्या सुकत घातलेल्या मासळीकडे बघत होती. कावळा येऊन एक तुकडा घेऊन गेला, तिने हाकलला नाही. गोपीनाथला वाटलं ती शकूला आठवत असेल. ती बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"मंग गणून काय क्येला नाय."

"नाय."

"मी भाकऱ्या वाटल्या रं."

त्याने पेजेची वाटी बाजूला सारली.

"तुला कवापासून म्हाईत?"

"सात वरसं."

तिने मान हलवली, हिशेब लागल्यासारखी नाही, ओझं डोक्यावर नीट बसलंय का पाहावं तशी. अकरा वर्षं ती ज्या एका गोष्टीला धरून उभी होती ती त्याने काढून घेतली होती. नवरा नाही, लेक नाही, तुरुंगातून आणलेली बोटं, आणि एक शत्रू. आता शत्रूही नाही. सांगून मोकळं व्हायचं म्हणून तो आला होता, आणि मोकळा होतानाच आपण तिच्यावर काय टाकलं ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि चालू लागली. तोही मागे गेला.

मालन नवरा मेल्यावर परत आली होती. वस्तीच्या टोकाला, खाजणाकडच्या बाजूला तिचं खोपट होतं. तिच्याशी कुणी बोलत नसे, न बोलण्याचं कारण आता निम्म्या पोरांना ठाऊकही नव्हतं. ती दारात भात कांडत होती. सखुबाईला येताना बघून तिने मुसळ थांबवलं, पण हातातून सोडलं नाही.

सखुबाई अंगणाच्या कडेला, उन्हात, जमिनीवर बसली. "मालन," ती म्हणाली, "यो पोर काय सांगतंय त्ये आयक." मग त्याच्याकडे न बघता, "वाच."

"काय?"

"त्यो कागद. तुजे डोक्यात हाय ना? वाच. नि आथा सगला सांग, एकेक सबूद."

गोपीनाथ उभा राहिला. हातात काही नव्हतं. त्याने सुरुवात केली, लिहून देणार सखुबाई, आणि प्रत्येक शब्दाशी थांबून त्याचा अर्थ सांगितला. राजीखुशीने, म्हणजे कुणी जबरदस्ती केली नाही. सदरहू, म्हणजे हेच मीठ. विक्रीकरिता, म्हणजे विकायला. "मी कवा इकला?" सखुबाई मधेच म्हणाली. मागील साली दोन वेळां. शासन, म्हणजे शिक्षा. मला मान्य. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादी गोष्ट पूर्ण कळून वाचत होता, आणि ऐकणाऱ्या दोन बायका त्याच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्याचं वाचून संपलं. खाजणावरून वारा येत होता, खारट, कुजलेल्या पाल्याचा.

मालनने मुसळ भिंतीला टेकवलं.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "कारकून चौकीत सांगत व्हता नि दुसरा लिवत व्हता तवा गणू तिथंच उभा व्हता. त्यान सगला आयकलेला. तू बांगडी काडलीस त्याच दिवशी घरा येवन मना बोल्ला, पोर चुकीचा वाचला."

गोपीनाथला तिचे शब्द ऐकू आले आणि काही क्षण ते नुसते आवाज राहिले.

"तवाच का नाय बोल्ला त्यो?" सखुबाईने विचारलं. "बांगडी काडायचे आधी? मी सामनेच व्हते. त्यान हातान कागद धरलेला."

"म्हाईत नाय."

"मंग नंतर? पानी तोरला तवा? गाव सोरला तवा?"

"मी बोल्ले त्याला. लय वेला बोल्ले. जा नि सांग, भोईराचे पोरान चुकीचा वाचला. खडवलीला तापान परला व्हता तवा पन बोल्ले. नाय गेला त्यो."

"का?"

"मना नाय सांगितला."

गोपीनाथच्या मनात कारणं धावून आली. पोराची शाळा सुटू नये म्हणून असेल. कारकून बांधावर उभा होता, त्याची भीती असेल. नोकरीची असेल. सखुबाईला शिक्षा व्हावी असंच वाटलं असेल, घराण्यात काही जुनं असेल. प्रत्येक कारण वहीत लिहिण्याजोगं होतं, आणि त्यातलं एकही गणूचं होतं असं म्हणता येत नव्हतं. गणूचा चेहराही त्याला आठवेना. डोक्याचं पागोटं आठवलं, पितळी बिल्ला आठवला, मधे चेहऱ्याच्या जागी काही नाही.

खाडीकडून होडीवाल्याची हाक आली. ओहोटी लागत होती, आता निघालं नाही तर उद्यावर गेलं. गोपीनाथ हलला नाही. सखुबाईने वाकलेल्या बोटांनी जमिनीवरची माती एका बाजूला केली, परत दुसऱ्या बाजूला केली. मालनने सुपातला भात हलवला आणि तूस वाऱ्यावर उडून तिघांच्याही अंगावर आलं.

"तवा काय बोल्ला त्यो?" सखुबाईने पुन्हा विचारलं. "पोर चुकीचा वाचला, ह्याचे पुरं?"

मालनने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण तिचे हात थांबले.

"काय नाय," ती म्हणाली. "जेवला नि झोपला."